काळूरामच्या आईचा चौथा खांदा

त्या गावाचं नाव मी घेणार नाही. मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना ओढ्याच्या अलीकडे लागतं, एवढं पुरे. तिथल्या कुणी मला पाणी दिलं तरी मी पिणार नाही. काळूराम त्या गावचा, म्हणून मी तिथे जायचो. आणि त्याच्याशी ते जसे वागले, त्यामुळेच ते गाव माझ्या मनातून कायमचं उतरलं.

आम्ही गुरं टोचणारे. सत्तावन्न-अठ्ठावन्नची गोष्ट. माझ्याकडे कसाऱ्याचा मुलूख, नवसूकडे शहापूर, लडकूकडे वाशिंद आणि काळूरामकडे मुरबाडची बाजू. बर्फाच्या थर्मासात लस घालून सायकलवर गावोगाव फिरायचं आणि शिव्या खायच्या. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे आडवे व्हायचे. एकदा लागण झालेल्या ढोराला औषध नाही. धडधाकट ढोराला आधीच टोचायचं आणि आजारी गावच्या गुरांची ये-जा बंद ठेवायची, एवढाच इलाज. पण रोग आपल्या हद्दीत निघाला हे कबूल करायला साहेबांपासून सगळ्यांची जीभ जड व्हायची. जो तो शेजारच्याकडे बोट दाखवायचा.

म्हणून आम्ही चौघांनी मुरबाडच्या बाजारात, भजीवाल्याच्या मागे बसून, आपसांत ठरवलं. रोग ज्याच्याकडे निघेल त्यानेच आधी बाकीच्यांना कळवायचं, निरोप एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडायचा. सरकारचा हुकूम नव्हता, कुणी शाबासकी देणार नव्हतं. कल्पना काळूरामची. तोंडाचा फटकळ माणूस. "जो लपवील त्याच्या तोंडात शेण," म्हणाला.

आणि पहिली पाळी त्याच्याच गावावर आली.

त्या मुलखात गुरांवर रोग आला की मरीआईचा गाडा काढतात. गाड्यात हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं ठेवायची, गावातली देखणी बैलजोडी जुंपायची आणि वाजतगाजत शिवेपार, पुढच्या गावात नेऊन सोडायचा. देवीबद्दल मला काही बोलायचं नाही. माझ्या घरूनही तिला कोंबडं जातं. पण आपली पीडा शेजाऱ्याच्या दारात लोटायची आणि वर तिला धर्म म्हणायचं, ही कुठली रीत? त्यातून जोडी जुंपली महिपतची. त्याच्या गोठ्यातली गाय नुकतीच बुळकांडीने मेलेली.

महिपत म्हणजे काळूरामचा चुलतभाऊ. बाळंतपणात त्याची आई गेली, तेव्हा काळूरामच्या आईने, गोजरमायने, दोघांना एकाच पदराखाली वाढवलं होतं.

काळूराम शिवेवर आडवा उभा राहिला. "गाडा न्या, मी नको म्हनत नाय. बैल सोडा. मानसांनी ओढा. जू मी माज्या खांद्यावर घेतो."

"बैलाबिगर आईचा गाडा? देवीला हमाल लावतोस काय रे?" गाव खवळलं.

त्याने एका बैलाच्या गळ्यातली जुपणी सोडली. महिपतने हातातला आसूड त्याच्या पाठीवर ओढला. एकदा नाही, बैल पुन्हा जुंपेपर्यंत. गाडा शिवेपार गेला.

घरी आल्यावर तो निरोप धाडायला निघाला, तशी गोजरमाय दारात बसली. म्हातारी रडत नव्हती, हात जोडत होती. "नको रे कळवू, काळ्या. गाव वाळीत टाकील. माज्या मढ्याला चार खांदे तरी ठेव."

"खांदे मी आनीन," तो म्हणाला आणि तिला ओलांडून गेला.

निरोप मिळाला तसे आम्ही धावलो. शहापूरची, वाशिंदची, कसाऱ्याची गुरं वाचली ती त्या निरोपामुळे. गाडा गेला त्या गावात मात्र पुढे गोठे रिकामे झाले. दोन्ही गावांच्या गुरांना म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत मज्जाव झाला आणि त्याचा राग देवीवर नाही, आसूडवाल्यावर नाही, काळूरामवर निघाला. पंचांनी त्याला वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. बदली मागायला आम्ही सांगितलं. "मी गेलो तर त्यांना पुन्ना लपवायला मोकळं रान," म्हणाला. मेला हट्टी!

दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, गोजरमाय गेली. कंडक्टरने निरोप दिला तेव्हा मी टोचणीच्या फेरीवर होतो. थर्मास खांद्याला तसाच ठेवून निघालो. नवसू आणि लडकूही आले. गावाची दारं लावलेली. महिपत समोरच्या ओट्यावर विडी ओढत बसलेला.

नवसू त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "अरे, हिनं वाढवलं ना तुला? चौथा खांदा कमी हाय."

"मी गावाच्या भायेर नाय," महिपत म्हणाला आणि राख झटकली.

त्याला तिथेच लाथ घालावी असं मला वाटलं. अजूनही वाटतं. रीतीने मुलाने विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालायचं असतं. काळूरामने मडकं एका हातात धरलं आणि तिरडीचा चौथा खांदा स्वतः घेतला. मडक्याच्या धगीने त्याच्या बोटांना फोड आले. वाटेत एकही दार उघडलं नाही.

आंघोळी करून परतलो तर काळूरामच्या कुडाला गाय बांधलेली. गाभण, धडधाकट. महिपतची. बुळकांडी पुन्हा जवळ आल्याची कुणकुण होतीच. बोलायची बंदी, म्हणून महिपत आंब्याच्या झाडामागे मुकाट उभा.

माझं डोकं फिरलं. "आईला खांदा द्यायला नाय आला, आन् गाय बांधायला आला? हाकलतो हिला!" मी दावं सोडायला लागलो.

काळूरामने माझा हात धरला. "तुज्या थर्मासात लस हाय ना?"

"हाय. पण याच्यासाठी नाय."

"काढ. आन् शिंगं नीट धर, हलली तर सुई मोडंल."

फोड आलेल्या बोटांनी त्याने सुई भरली. मग झाडाकडे तोंड करून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "महिपत्या, गाय टोचतो. पन ध्येनात ठेव. तू मेलास की तुज्या तिरडीला पयला खांदा माजा. गाव काय बी म्हनो. हे वझं आता घेऊन बस जलमभर!"

मी गाईची शिंगं धरली.