आधी वरचा नट

माझ्या गाडीला क्लच नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, तेव्हा जुनी का होईना, पण मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि बहुतेक रविवारी घाट उतरून वडनेर भोलजीला माहेरी जाते. तिथे माय आणि धाकटा भाऊ असतात. या गाडीमुळे मला कुणाला 'सोडून देशील का' म्हणावं लागत नाही. म्हणून तिच्यावर माझा जीव.

गेल्या हिवाळ्यात राजूर घाट चढताना ती गचके देऊ लागली. गिअर आपोआप बदलायची वेळ आली, की इंजिन आधी नुसतंच ओरडायचं आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा हिसका बसायचा. बुलढाण्यातल्या गॅरेजवाल्यांनी बोनेट उघडलं आणि बंद केलं. "मॅडम, ऑटोमॅटिकले आपण हात लावत नाही." सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी असतं, ते बदलायचंच नसतं.

"कुणाच्या आयुष्यभर?" मी विचारलं. त्याने मला होल्डवर टाकलं.

मग मीच वाचायला बसले. गिअरबॉक्सला तीन नट. खालच्या नटातून जुनं तेल काढायचं, वरच्यातून नवं ओतायचं आणि बाजूच्या छोट्या नटातून पातळी तपासायची. सगळीकडे एक गोष्ट बजावून सांगितली होती : आधी वरचा नट उघडतो का ते बघा. तो अडकला आणि तुम्ही खालून तेल काढून बसलात, तर गाडी जागची हलवता येणार नाही.

भावाकडे ट्रॅक्टर आहे, पाने आहेत, जॅक आहे. त्याला फोनवर मी हे सगळं नीट समजावलं. तो प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तेलच बदलाचं ना? ट्रॅक्टरचं मीच बदलतो. ये घेऊन."

रविवारी सकाळी पोचले. पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला होता, म्हणून माय ओट्यावर तूर निवडत बसली होती. भावाने गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चारही चाकं सारखी. इथपर्यंत झकास. मायनं चहाला आत बोलावलं. मी चहा घेऊन बाहेर येते, तर भावाचे फक्त पाय दिसत होते.

"निघालं वो ताई! पाह्य, तेल कसं काळं पडलं!"

खरंच, जळक्या वासाचं काळपट तेल घमेल्यात पडत होतं. मी चहा ओट्यावर ठेवला. "वरचा नट पाह्यला का आधी?"

"वरचा कायले? आधी खाली करा लागते ना."

मी बोनेटमध्ये वाकून वरच्या नटाला पाना लावला. हलला नाही. भावाने लावला. नाही. मग त्याने पान्याला लोखंडी पाइप घातला आणि सगळा भार टाकला. पाना सटकला, त्याची बोटं सोलली आणि नटाचे कोपरे गोल झाले. आता त्याला पकडायला काही उरलंच नाही.

"मी तुले सांगतलं होतं," मी म्हटलं.

"सांगतलं होतं, सांगतलं होतं. आता काय करू ते सांग."

उपाय शोधायला मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसले. तेवढ्या वेळात त्याने घमेलं उचललं आणि ट्रॅक्टरच्या जळक्या तेलाच्या पिंपात रिकामं केलं.

"काऊन टाकलं तू?" मी ओरडलेच.

"घमेलं मोकळं नको का?"

"किती निघालं ते मोजाचं होतं! तेवढंच नवं भराचं असते!"

"पाच लिटर असन." थोडं थांबून म्हणाला, "नाहीतर चार."

मायनं सूप खाली ठेवलं. "पोट्टेहो, जेवून घ्या आधी. पोटात गेलं की कटकट कमी होते."

जेवलो, पण कटकट काही कमी झाली नाही. भाकरी खाता खाता भावाला सुचलं, वरचा नट गेला खड्ड्यात, बाजूच्या नटातून पंपाने तेल मारू.

"कोणत्या पंपानं?"

"फवाऱ्याच्या. धुऊन घेतो ना स्वच्छ."

कपाशीवर हंगामभर जे औषध मारलं, त्याचा पंप! मी रसायनशास्त्राची बाई. त्या पंपात काय काय राहतं आणि ते गिअरबॉक्समधल्या रबराचं काय करील, हे मी त्याला सांगायला लागले. त्याने हात धुतले. "मंग तूच कर," म्हणाला आणि बाजेवर जाऊन आडवा झाला.

बरं, मीच करीन. पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकले. खालचा नट बसवला, घट्ट केला. चष्म्यावर तेलाचा थेंब पडला. पुसायला गेले तर तो काचभर पसरला. एवढं झालं आणि बाहेर येताना गुडघा वळेना. ना सरकता येई, ना उठता. काही वेळ मी तशीच पडून राहिले. शेवटी हाक मारावीच लागली. भावाने काखेत हात घालून ओढलं, मायनं पाय धरले. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी रडले असते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. गाडी अंगणात ठोकळ्यांवर ठेवून मी मलकापूरला गेले आणि तिथून बुलढाण्याच्या बसमध्ये बसले. बसले म्हणजे उभी राहिले, दांड्याला लोंबकळत. घाटाच्या प्रत्येक वळणावर डावा पाय ठणकत होता आणि मनात मी भावाला बोलत होते. लहानपणापासून हेच. ऐकून घ्यायचं, हो म्हणायचं आणि आपलंच करायचं.

त्या आठवड्यात मी अकोल्याहून नवा नट मागवला आणि भावाला बजावलं, मी येईपर्यंत काही करू नकोस. बुधवारी दुपारी त्याचा फोन. आवाज एकदम खुशीत.

"निघाला ताई! एक नंबर लहान गोटी ठोकून बसवली त्याच्यावर. दोन झटक्यात निघाला!"

गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना. युक्ती चांगली होती, हे मला कबूल करावं लागलं. पण लगेच दुसरं सुचलं. "भोकावर काय झाकलं?"

"झाकाचं होतं?"

"अंगनात कापूस उडून राह्यला असन ना?"

"आता झाकतो," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. टॉर्च लावून मी भोकात पाहिलं. कापूस दिसला नाही, पण न दिसण्याने समाधान होत नाही. भावाने लांब नळीला नरसाळं लावून धरलं, मी अंदाजाने थोडं जास्तच ओतत गेले. नवं तेल लालभडक, आणि ते इतक्या सावकाश उतरत होतं की भाऊ दर मिनिटाला उसासा टाकायचा. मग वर अकोल्याचा नवा नट बसवला. मी ब्रेक दाबून गाडी सुरू केली, सगळे गिअर फिरवले आणि पुन्हा पार्किंगवर आणली. त्यानंतरच त्याला खाली जाऊ दिलं. बाजूच्या नटातून जास्तीचं तेल धारेनं आलं, धार बारीक झाली. "आता थेंब थेंब," तो खालून म्हणाला. "बस!" मी आतून ओरडले. त्याने नट लावला. पातळी बरोबर झाली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत निघाले. घाटाची पहिली वळणं लोण्यासारखी गेली. मी मोठ्याने "वा" म्हटलं, आणि पुढच्याच चढावर हिसका बसला. आधीपेक्षा बारीक, पण हिसकाच. मी स्टिअरिंगवर हात आपटला. घाट संपल्यावर गाडी कडेला घेऊन भावाला फोन लावला.

"गचका आहे अजून."

"पह्यल्यासारखा?"

"नाही. कमी आहे."

"मंग झालं ना!"

"नाही झालं. एका वेळेस सगळं तेल निघत नाही. अर्धं आतच राह्यते. अजून एकदा करा लागन."

"हे आधी काऊन नाही सांगतलं?"

सांगितलं होतं, फोनवर, तो हाव हाव करत होता तेव्हाच. पण ते बोलायचंही त्राण नव्हतं. "पुढच्या महिन्यात येईन," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या खेपेला काहीच बिघडलं नाही. नट उघडले, तेल मोजलं, भरलं. तरी आम्ही दिवसभर एकमेकांवर खेकसत होतो, कारण पहिल्या खेपेचा राग दोघांच्याही अंगात मुरलेला होता. शेवटी माय म्हणाली, "आता तर नीट होऊन राह्यलं ना, मंग कायले भांडता?" भावाने पाने गोळा केले, मी नरसाळं पुसून ठेवलं.

घाट चढले. एकही हिसका नाही. आनंद झाला, पण दमलेला, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. घरी पोचून भावाला 'नीट चालली' एवढंच लिहिलं. त्याने नुसता अंगठा पाठवला.