शांताचं कपाळ

शनिवारी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको चर्च झाडायला गेलो. नेहमीचंच काम. शांता झाडायची, मी बाकं पुसायचो. वाघोडियाच्या कारखान्याने मला घरी बसवलं तेव्हापासून मीही तिच्याबरोबर जायचो. त्या दिवशी तिला धाप लागली. ती पुढच्या बाकावर टेकली. त्या बाकाला गादी आहे. अकोट्याच्या बंगलेवाल्यांचं बाक ते.

तेवढ्यात साहेबांच्या बाई फुलं घेऊन आल्या. साहेब म्हणजे चर्चच्या कमिटीतले मोठे. शांता त्यांच्याच बंगल्यावर भांडी घासायची. बाई म्हणाल्या, "शांता, ऊठ गं. गादीला घामाचा वास बसतो. उद्या आम्हालाच बसायचंय."

शांता उठली. पदराने गादी पुसली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मऊ होती का, ते तरी कळलं?"

"ढेकूण असतील तिच्यात," ती म्हणाली आणि हसली. मग आम्ही चालत मांजलपूरला घरी आलो. वाटेत बसत बसत. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

रविवारी उजाडताना ती गेली.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, उपासना आटोपून येतो. घरी आलो तर शेजारच्या कोकिळाबेन आणि चाळीतल्या बायकांनी शांताला न्हाऊ घातलं होतं. हिरवी साडी, हातात बांगड्या, कपाळभर कुंकू. मला कोणी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत असताना बाई गेली की असंच करायचं, त्यांना एवढंच ठाऊक. कोकिळाबेन रडत म्हणाली, "काका, नसीबवाळी हती. चूडी-चांदला साथे गई." म्हणजे बांगड्या-कुंकवासकट गेली.

मी तिच्या कपाळाकडे बघत राहिलो. बाप्तिस्म्याच्या दिवशी शांताने कुंकू पुसलं होतं. चर्चने पुसायला सांगितलं, पुसलं. पुन्हा कधी बोटाला लावलं नाही. साहेबांच्या बाईंच्या कपाळाला मात्र साडीच्या रंगाची टिकली असते. ती फॅशन.

तरी शांताला चर्चचा राग नव्हता. पाळकसाहेब सांगायचे, माणूस जन्मापासून पापी, पण देवाची कृपा फुकट आहे. कमवावी लागत नाही. तिला हे फार आवडायचं. म्हणायची, "जन्मात एवढं एकच फुकट मिळालं बघा. बाकी सगळं घासून." मी चौथी नापास. मला पाप कळायचं. कृपा कधी कळली नाही. ती जायची म्हणून मी जायचो.

चर्च सुटल्यावर ते आले. साहेब पुढे, मागे कमिटीतले दोघे, त्यांच्या मागे पाळकसाहेब. अंगावर इस्त्रीचे कपडे. चपला न काढता दारातच उभे राहिले.

साहेब म्हणाले, "हे काय सोंग? पूस ते आधी."

मी म्हटलं, "चाळीतल्या बायकांनी केलंय. मायेने केलंय."

"घर तुझं. पाप तुझ्या घरात झालं. पुढच्या रविवारी मंडळीपुढे उभं राहून कबूल करायचं. आधी हे पूस, मग दफनभूमीत जागा देतो."

त्या दफनभूमीत आमची पोरगी आहे. लहानपणीच तापात गेली. तिच्यावरचं गवत उपटायला शांता जायची. येताना दर वेळी सांगायची, "तिच्या शेजारी मला ठेवा." दुसरं काही तिने माझ्याकडे मागितलं नाही.

पाळकसाहेब माझ्या कानाशी आले. तरुण पोरगा, मनाने बरा. म्हणाले, "काका, पुसून टाका. एवढंच तर आहे."

मी फडकं भिजवलं. पोरीसाठी भिजवलं. खोटं कशाला सांगू. हात तिच्या कपाळापर्यंत गेला.

मागून साहेब म्हणाले, "नीट घास. डाग राहता कामा नये."

हाच आवाज. हेच बोलणं. बंगल्याच्या मागच्या दारी शांताला आणायला जायचो, तेव्हा आतून हेच ऐकू यायचं. शांता मेली तरी हिशेब तोच. डाग राहता कामा नये.

मी फडकं बादलीत टाकलं. म्हटलं, "नाही पुसणार."

"मग जागा नाही."

"नसू दे."

"अरे, तिच्या आत्म्याच्या तारणाचा प्रश्न आहे."

"कृपा फुकट आहे म्हणता ना? मग तुम्ही दारात कशाला उभे?"

साहेब म्हणाले, "शिकला नाहीस, म्हणून असं बोलतोस." आणि गेले. पाळकसाहेब एकदा मागे वळले. पण गेले तेही.

कोकिळाबेनचा नवरा रमणभाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. म्हणाला, "काका, अमारामां पण दाटे छे, जाळत नाहीत. विश्वामित्री नदीकाठी आमच्या लोकांची जमीन आहे. तिथे कोई पूछे नहीं."

पोरगी शहराच्या त्या टोकाला. आई या टोकाला. हे मी केलं. कुंकू राहिलं, पोरगी सुटली. शांताने यातलं काय निवडलं असतं, विचारायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा मीच खणायला घेतला. जमीन कडक. रमणभाई म्हणाला, "तमे बेसो काका." बसलो नाही. तिला खाली ठेवलं. प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं. अर्ध्यावर शब्द गेले. आठवले नाहीत. पुढे म्हणणारं कोणी नव्हतं.

निम्मी माती लोटली असेल. पाळकसाहेब स्कूटरवर आले. एकटेच. गाडी रस्त्यावर लावून जवळ आले. हळूच म्हणाले, "काका, अजून वेळ गेलेली नाही. रविवारी या. दोन शब्द बोला. साहेब सोडून देतील."

मग माती टाकायला त्यांनी हात खाली नेला. मी फावडं आडवं धरलं.

म्हटलं, "माफी मागणार नाही. हिच्या वतीने नाही, माझ्या वतीनेही नाही. मरताना नाही. वर कोणी असेल आणि त्यानेही दारात उभं करून हेच मागितलं, तर तिथूनही परत फिरेन. साहेबांना सांगा."

ते उभेच राहिले. मी उरलेली माती लोटायला लागलो.