गुरुवारची पुडी

ओट्यापाशी पाय घसरून नुसती बसले, तर मनगट मोडलं. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करायला लावल्या. हाडं विरळ झालेली, आणि ड जीवनसत्त्व तर पार तळाला. मुलाला निमित्तच हवं होतं. वसईतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. "आई, तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारला नाही, तर विरारला आमच्या टॉवरमध्ये यायचं. चर्चा नको," त्याने हुकूम सोडला.

मला जायचं नव्हतं. समोरच्या दारात माझी शेजारीण राहते, मूळची भुईगावची. मुलं रांगत होती तेव्हापासून आमच्यात वाटी रिकामी परत जात नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आली की तिचं माशाचं कालवण माझ्याकडे येतं, सणाला माझी पुरणपोळी तिच्याकडे जाते. तिला सोडून जायचं म्हटलं की मला रडूच यायचं.

म्हणून मी औषधं इमानेइतबारे सुरू केली. कॅल्शियमची गोळी सकाळच्या चहाबरोबर. आमच्या घरात गोळी म्हणजे चहाबरोबरच. ड जीवनसत्त्वाची पुडी मात्र आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. विसरायला नको म्हणून तिला गुरुवार नेमून दिला. त्या दिवशी माझा कडक उपास असतो, पोट रिकामं, मन शुद्ध. औषधाला याहून चांगला वार कुठला?

शेजारीण दारातून हसली, "ताई, औषदाला पन उपास?"

"तू गप्प बस," मी म्हटलं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत मुलगा मोबाइलवर मला टॉवरची बाग दाखवत बसला, आणि माझा संताप संताप झाला.

"औषध घेता कसं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो काकू, पुडी भरल्या पोटी घ्यायची! तेलातुपाचं जेवण असलं की ती नीट अंगी लागते. आणि कॅल्शियमला चहा आडवा येतो."

मुलाने लगेच जिन्याचं काढलं. "चढू देत की. हाडांवर भार पडायलाच हवा," त्या म्हणाल्या, "फक्त कठडा धरून, सावकाश." मी मुलाकडे बघायचं टाळलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

पुडी रविवारवर गेली. शेजारणीचं नारळाच्या दुधातलं कालवण, वर कुरकुरीत मांदेली काट्यासकट, आणि मग पुडी. गोळी जेवणानंतर. सकाळी गच्चीवर ऊन खात बसायचं. पुढचा रिपोर्ट चांगला आला. मुलाने तो आमच्या दारात धापा टाकत, उभ्याउभ्याच वाचला, परत दिला आणि चहाही न घेता जिना उतरला. मला वाटलं, स्वारी रुसली.

आठवडाभराने सातिवलीच्या वर्कशॉपमधून दोन माणसं स्टीलचे पाइप घेऊन आली. आमच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. मुलाने सोसायटीला विचारून दुसऱ्या बाजूलाही सांगितला होता, तळापासून थेट आमच्या दारापर्यंत. माझे डोळे भरून आले.

"आता काय पोरगा नेत नाय तुला," शेजारीण म्हणाली. मग एक कठडा तिने धरला, एक मी, आणि आम्ही दोघी खाली उतरून उगाचच परत वर आलो.