पाळण्यातली जागा

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यात एकच गोष्ट मनापासून जपली, ती म्हणजे राग. कानातली हरवली, लग्नाचे फोटो भिजून गेले, पण राग तिने कधी नजरेआड होऊ दिला नाही.

ताई राष्ट्रीय उद्यानात गाइड आहे. सकाळी फाटकापाशी जमलेल्या पाहुण्यांना घेऊन डोंगर चढायचा, खिंडीत डबे उघडायचे आणि उन्हं उतरायच्या आत सगळ्यांना धडधाकट खाली आणायचं, हे तिचं काम. मी त्याच फाटकावर तिकिटं फाडते. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

आमच्याकडच्या गाइड लोकांची एक पद्धत आहे. निघण्याआधी ते सगळ्यांच्या चालण्याचा अंदाज घेतात आणि त्यातला सगळ्यात कच्चा माणूस अलगद आपल्या पाठीमागे उभा करतात. त्याचा श्वास कानावर राहतो आणि सगळी रांग त्याच्या चालीने चालते. पाहुण्याला वाटतं, आपला मान ठेवला. गाइड लोक मात्र आपसात त्या जागेला 'पाळणा' म्हणतात, आणि कोणाला पाळण्यात घातलं हे एकमेकांना डोळ्यांनी सांगतात.

ताईच्या आधी भावोजी, म्हणजे तिचा नवरा, गाइड होते. उंच, कमी बोलणारे आणि नको इतके सभ्य. त्यांच्या जोडीला जो होता त्याला आम्ही मुकादम म्हणायचो, कारण हाताखाली कोणी नसलं तरी त्याचे हुकूम सुटायचे. दोघं एकाच डब्यात जेवायचे. मग हेडगाइडची जागा रिकामी झाली आणि दोघांना पारखायला वरचे साहेब लोक एक दिवस डोंगरावर आले. त्या दिवशी पुढे चालायची पाळी मुकादमाची होती. भावोजींच्या पायात नवे बूट होते, टाच सोलत होती, म्हणून ते जरा जपून पाऊल टाकत होते. मुकादमाने ते हेरलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पाळण्यात घातलं. मग प्रत्येक वळणावर थांबायचं, मागे वळायचं आणि आवाजात साखर घालून विचारायचं, "दम लागला का? बस जरा."

भावोजींना दम लागला नव्हता. पण चारचौघांत 'नाही' म्हणून मित्राला तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून ते भल्या माणसासारखे बसत गेले. साहेबांनी काय बघायचं ते बघितलं.

जागा मुकादमाला मिळाली. तेही एकवेळ सोसलं असतं. पण नंतर कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे हृदय, कोणी म्हणे फुप्फुस. मुकादमाने मोठी काळजी दाखवून भावोजींना काठ्या आणि रेनकोट वाटायच्या खोलीत बसवलं. आणि ऐकून ऐकून भावोजींना खरोखरच धाप लागायला लागली. डॉक्टरांना काही सापडेना, तर हे म्हणायचे, डॉक्टर माझ्यापासून लपवतायत. शेवटी ते घरीच बसले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईने शेजाऱ्यांशी भांडून जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक लाकडी खुर्ची आणून ठेवली. त्यांना धरून वर न्यायची, खुर्ची आली की थांबायची, दम लागला का विचारायची, पाठीवरून हात फिरवायची. इतकी माया मी दुसऱ्या कुठल्या नवरा-बायकोत बघितली नाही.

आणि त्याच बाईने मुकादमावर डूख धरला. हॉटेलात चादरी बदलायचं काम सोडून ती गाइडच्या परीक्षेला बसली, आणि शिकायला गेली कोणाकडे, तर मुकादमाकडेच. मी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, "ज्याचा गळा धरायचा, त्याच्या जवळ नको का उभं राहायला?" तो शिकवायचा आणि ही खाली मान घालून शिकायची. त्याला वाटायचं, बाई सगळं विसरली. माणसांची त्याला काडीची पारख नव्हती.

तिला त्याची नोकरी घालवायची नव्हती की हातपाय मोडायचे नव्हते. तिला त्याच्या तोंडून, चारचौघांत, एकच वाक्य हवं होतं: त्या दिवशी याला दम लागला नव्हता. ते एकदा कानावर पडलं की भावोजी उठून चालायला लागतील, अशी तिची खात्री होती.

संधी आली ती मुकादमाच्या निवृत्तीला. आमच्याकडे शेवटच्या दिवशी निवृत्त होणारा गाइड पाहुणा म्हणून चालतो आणि पुढे कोणी चालायचं ते तोच ठरवतो. मुकादमाने ताईचं नाव घेतलं. माझ्या हाताखाली तयार झालेली सगळ्यात चांगली गाइड, म्हणाला. मी त्या दिवशी रजा टाकली आणि त्यांच्यासोबत गेले. असला दिवस सोडायला मी काय खुळी आहे?

फाटकापाशी सगळे गाइड जमले होते, ऑफिसातली माणसं होती, मुकादमाची सूनही आली होती. ताई सरळ त्याच्यापाशी गेली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या मागे." ऑफिसातल्यांनी टाळ्या वाजवल्या. गाइड लोक मात्र आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागले. मुकादम हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

पहिल्या वळणावर ताई थांबली. दम लागला का, बसा जरा. त्याने हात झटकला. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या वळणावर मात्र तो खरंच बसला आणि रुमालाने मान पुसत म्हणाला, बरं केलंस थांबलीस, हल्ली चढ सोसत नाही.

ताईचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन ती दात-ओठ खात म्हणाली, "इतकी वर्षं सुरीला धार लावली आणि हा म्हणतोय, आण इकडे, कांदा चिरतो." पाणउतारा करायचा तर समोरच्याला तो कळायला तरी हवा.

त्यानंतर ती थांबायची बंद झाली. खिंडीखाली उभा चढ आहे. तिथे तिने चाल फार वाढवली नाही, त्याला झेपेल त्याहून किंचित जास्त, एवढंच. गाइडपासून मागे पडायचं नाही, हे सगळ्या पाहुण्यांना तोच दटावून सांगत आला होता. आता स्वतःच कसा मागे पडणार? त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. शेवटी तो म्हणाला, "थांब."

ताई थांबली, पण बसा म्हणाली नाही.

"साहेब लोक आले होते त्या दिवशी," तिने विचारलं, "ह्यांना दम लागला होता?"

कुठला दिवस, असा त्याने आधी चेहरा केला. तो काही टिकला नाही. मग, जाऊ दे ना आता, झालं गेलं, असं काहीतरी पुटपुटला. ताई पुढे चालायला वळली.

"नव्हता," तो म्हणाला. "नव्हता लागला. मला ती जागा हवी होती."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने मोठ्याने सांगितलं. सून जमिनीकडे बघत राहिली. एक जुना गाइड टोपी काढून उगाचच टोपीच्या आत बघत उभा होता. मग ताईने स्वतः मुकादमाला दगडावर बसवलं, पाणी दिलं, आणि पुढे सगळ्यांना नीट खाली आणलं. मला त्याची दया आली का? नाही आली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

संध्याकाळी आम्ही दोघी घरी पोचलो. ताई बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरली. दुसऱ्या कोणी तसं केलं असतं तर तिने त्याला उभा फाडला असता. भावोजी बटाटे सोलत होते. तिने सगळं सांगितलं, मुकादमाचं वाक्य तर शब्दन्शब्द सांगितलं.

भावोजींनी सुरी खाली ठेवली, हात धुतले, टॉवेलला पुसले.

"म्हणजे मी धड होतो," ते म्हणाले.

"धडच होतात. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"पहिल्यापासून?"

"तर काय," ताई अभिमानाने म्हणाली.

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. "मग जिन्यात खुर्च्या कशाला ठेवल्यास?"

ताईने तोंड उघडलं. तुम्हाला त्रास नको म्हणून, तुमच्याचसाठी, असं काहीतरी म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं नाही. चपला पायात सरकवून ते बाहेर पडले, आम्ही दोघी मागोमाग. एकाही खुर्चीला हात न लावता ते तळापर्यंत उतरले आणि तसेच परत चढायला लागले, सावकाश, पण कुठेही न थांबता. तोवर ताई मधल्या वळणावरच्या खुर्चीत मटकन बसली होती, डोंगरातली माती लागलेले बूट तसेच पायात. तिच्यापाशी आल्यावर ते थांबले.

"दम लागला का?" त्यांनी विचारलं. "बस जरा."

मुकादमाच्या आवाजात निदान साखर तरी असायची. भावोजी वर गेले आणि आतून दाराला कडी घातल्याचं आम्ही दोघींनी जिन्यात बसून ऐकलं.