मी तपासलं, चालतंय

पत्त्यांच्या कॅटाएवढा एक स्वस्त कॉम्प्युटर मिळतो. नुसती हिरवी पट्टी, वर चार-पाच काळे चौकोन. टीव्हीला जोडली की कामाला लागते. पण तिच्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपेशी बोलायला एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. चिप बनवणारे ती आतून कशी चालते ते सांगत नाहीत. मग जगभरातले काही हौशी लोक चाचपडत, चुकतमाकत ते शोधून काढतात, ड्रायव्हर स्वतः लिहितात आणि सगळ्यांसाठी खुला ठेवतात.

मी त्या लोकांपैकी. म्हणजे लिहिणारा नाही, ते मला येत नाही. मी तपासणारा. कोणी दुरुस्ती पाठवली की आपल्याकडच्या पट्टीवर चालवून बघायची आणि या सगळ्यांना एकदम पत्र जातं त्या ईमेलच्या यादीवर कळवायचं, की मी तपासलं, चालतंय. ती ओळ आपल्या नावासकट त्या दुरुस्तीला जोडली जाते आणि कायमची राहते. डोंबिवलीत बसून अमर व्हायचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नव्हता.

माझ्याकडे अशा दोन पट्ट्या होत्या. त्यातली मोठी मी ठाण्यात कोपरीला आत्याकडे बसवलेली. आत्या शाळेत गणित शिकवायची, आता एकटीच राहते. डोळ्याच्या पडद्याची झीज झाल्यापासून तिला साधी अक्षरं दिसत नाहीत. म्हणून टीव्हीखाली ती पट्टी आणि शेजारी खाली तोंड केलेला एक कॅमेरा. औषधाचं पाकीट, विजेचं बिल, वर्तमानपत्र, काहीही त्याखाली धरायचं, की टीव्हीवर एकेक अक्षर इडलीएवढं. ‘‘हे आहे तोवर मी कोणाच्या दारात जाणार नाही,’’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मी शेजारी उभा राहून लाजल्यासारखं करायचो.

एका रविवारी यादीवर कुठल्याशा परदेशी माणसाने दुरुस्ती पाठवली. चित्र खूप मोठं करताना ही चिप अडखळायची, ते त्याने सुधारलेलं. पण नेमकी ती पट्टी त्याच्याकडे नव्हती. कोणाकडे असल्यास कृपया तपासा, असं त्याने लिहिलेलं. ती माझी होती, पण कोपरीला. डोंबिवलीहून ठाणं काही फार लांब नाही, पण घरात कोंबडी-वडे होते. आणि धाकटी पट्टी समोरच होती. तिची चिप म्हणजे मोठीच्या चिपेची सख्खी बहीण. म्हटलं, एकाच घरातल्या दोघी, स्वभाव असा काय वेगळा असणार? धाकटीवर चालवलं, झकास चाललं, आणि लिहून टाकलं की मोठीवर तपासलं. त्या माणसाने आभार मानले. ते मी बायकोला दाखवले. ‘‘वडे गार होतायत,’’ अशी तिने दाद दिली.

आत्याची पट्टी दर रविवारी आपोआप ड्रायव्हरची नवी आवृत्ती उतरवून घेईल, अशी सोयही मीच करून ठेवलेली. तिचंही कौतुक वसूल करून झालेलं.

काही महिन्यांनी आत्याचा फोन आला. ‘‘अरे, हल्ली अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. मशिनचं काही असेल का?’’

‘‘आत्या, डोळ्यांत थेंब घालतेस ना वेळेवर?’’

‘‘घालते.’’

‘‘मग डॉक्टरांना दाखव. मशीन ठणठणीत आहे, मी तपासलंय.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं एवढ्या पटकन ऐकलं. मला तिथेच शंका यायला हवी होती.

त्यानंतरचा फोन आला तो फॉर्म भरायला ये, असा. खडवलीच्या एका वृद्धाश्रमात जागा झाली होती आणि तिने ती धरायची ठरवलेली. मी शनिवारी गेलो. आत तिची कोळीण मावशी टोपली बाजूला ठेवून चहा घेत होती. किती वर्षं ही तिला मासळी देते, दोघींनाही आठवत नाही.

‘‘आलास? ने बाईंना खडवलीला,’’ मावशी मला म्हणाली. ‘‘मंग मी च्या कुनाकडं पिऊ, तुज्याकडं डोंबिवलीला येऊ?’’

मी पेन काढलं. पण आत्याने फॉर्म सवयीने आधी कॅमेऱ्याखाली धरला, टीव्हीसमोर नाक नेलं आणि मागे सरली. ‘‘नाहीच. तू वाच रे.’’

‘‘तो तरी कसा वाचंल?’’ मावशी बशी खाली ठेवत म्हणाली. ‘‘माजे डोले चांगले हायत, तरी मना पन फाटलेलाच दिसतंय.’’

मी टीव्हीकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ‘अर्जदाराचे नाव’ मधोमध आडवं चिरलेलं, वरचा अर्धा भाग डावीकडे सरकलेला. कोणती दुरुस्ती, कोणाची ओळ, सगळं क्षणात कळलं. बोलायची वेळ तीच होती. मी काय केलं, तर ‘‘थांब हं,’’ म्हणून कीबोर्ड ओढला, रविवारची सोय बंद केली आणि ड्रायव्हरची जुनी आवृत्ती परत बसवली. अक्षरं जुळली.

आत्याने तो फॉर्म मोठ्याने वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या नियमापर्यंत. मग खाली बसली.

‘‘मला वाटलं, डोळे गेले,’’ ती म्हणाली. ‘‘भिंतीला हात लावून चालायची सवय करत होते मी.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘तू होतास म्हणून.’’

मावशीने खूश होऊन माझ्यासाठी चार बोंबील काढून ठेवले. मी ते घरी नेले आणि खाल्ले. हे लिहिताना अजून कान तापतात.

आता यादीवर कळवणं आलं. ‘नव्या आवृत्तीत बिघाड दिसतो’ एवढं लिहून सुटलो असतो, पण त्याच दुरुस्तीखाली माझं नाव होतं. चार दिवस मी वाक्यं लिहून खोडत होतो. एकात तर सगळा दोष विजेच्या चढउतारावर टाकलेला, छान जमलेलं वाक्य होतं ते. शेवटी लिहिलं, त्या पट्टीवर मी तपासलंच नव्हतं. त्या माणसाचं उत्तर सभ्य होतं, तेच जास्त लागलं. कळवल्याबद्दल आभार, नवी दुरुस्ती पाठवतो, या वेळी त्याच पट्टीवर बघाल का?

त्याच पट्टीवर म्हणजे कोपरी. आणि का, ते आत्याला सांगणं.

सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे ताळा न करताच ताळा लिहिलास.’’ सातवीत मी उत्तरं पुस्तकाच्या मागून उतरवायचो आणि खाली ताळ्याचे आकडे मनचे ठोकून द्यायचो. ते पहिल्यांदा तिनेच पकडलेलं.

‘‘हो.’’

‘‘आणि मी विचारलं, तेव्हा थेंब घालायला सांगितलंस.’’

‘‘हो.’’

ती ओरडली असती तर मी सुटलो असतो. ती म्हणाली, ‘‘चालू कर.’’

मग तिने तपासलं. पंचांग, गोळ्यांची पाकिटं, मावशीचं रेशनकार्ड, लहान-मोठं करून, तिरकं धरून, दुपारभर. सगळं नीट आहे असं मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा तिला अगदी खालच्या कडेला एक रेघ थरथरताना दिसली, जी मला दिसली नव्हती. मी ती कळवली. त्याने पुन्हा दुरुस्ती पाठवली, मी पुन्हा कोपरीला. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, ‘‘आता लिही, चालतंय. आणि नाव माझं घाल.’’

घातलं. माझी जुनी ओळही तिथेच आहे. ती कोणालाच काढता येत नाही, मी विचारून बघितलं.

निघताना टेबलावरचा खडवलीचा कोरा फॉर्म दिसला. म्हटलं, हा फाडून टाकतो.

‘‘राहू दे खणात,’’ आत्या म्हणाली. ‘‘तू अजून तपासतोस ना?’’