पेनड्राइव्हमधला दत्तू

पुरावा नाहीसा करण्यात माझा हात धरणारा माणूस निगडीपासून चाकणपर्यंत सापडायचा नाही. तीस वर्षं कंपनीत खोड्या केल्या राव, पण एकदाही मेमो नाही! बरं, एकदा. बरं बाबा, चारदा. पण आज जो प्रकार सांगतोय त्याच्यापुढं ते चारही मेमो फ्रेम करून भिंतीला लावावेत असे.

दत्तू माझा जोडीदार. चाकणच्या कंपनीत प्रेसच्या मशीनवर आम्ही शेजारी शेजारी. तो अबोल, मी अखंड. मी आठवी नापास, तो दहावी पास. म्हणून रजेचा अर्ज तो लिहायचा आणि त्यात घोळ मी घालायचो.

त्याच्या रिटायरमेंटच्या समारंभासाठी मी गुपचूप एक व्हिडिओ केला. कसला? दत्तूच्या शोकसभेचा! त्याच्या फोटोला प्लास्टिकच्या फुलांचा हार, पुढं उदबत्ती, आणि मी टॉवेलानं डोळे पुसत हंबरडा फोडतोय, "दत्तोबा गेले हो! ज्यांनी तीस वर्षांत डब्यातली लोणच्याची एक फोड कुणाला दिली नाही, ते दत्तोबा गेले!" म्हटलं, भर हॉलमध्ये पडद्यावर लावू. दत्तूचं तोंड बघण्यासारखं होईल.

समारंभाला आठ दिवस होते. दत्तू पहिल्या शिफ्टला निघाला, कंपनीच्या बसची वाट बघत स्टॉपवर बसला, आणि बस आली तेव्हा उठला नाही.

त्या दिवसाचं मी काही सांगणार नाही. आपला विषय पेनड्राइव्हचा आहे.

वर्ष होत आलं तेव्हा कुसुमवहिनींचा, म्हणजे दत्तूच्या बायकोचा, संत तुकाराम नगरातून फोन आला.

"भावजी, वर्षश्राद्धाला यांचे फोटो टीव्हीवर लावावे म्हणते. तुमच्याकडं आहेत ना?"

"आहेत की! ढीगभर."

"घरात एकच आहे, आधार कार्डावरचा. त्यात हे चोरासारखे दिसतात हो. हसताना एखादा तरी द्या."

होते ना! सहलीतले, कंपनीच्या नाटकात लुगडं नेसलेला, मिशीला चटणी लागलेला. पण सगळे एकाच पेनड्राइव्हवर. जुना फोन केव्हाच पाण्यात पडून गेला होता. आणि त्याच पेनड्राइव्हवर, त्या फोटोंच्या मांडीला मांडी लावून, ती शोकसभा! नवरा गेलेल्या बाईनं ते बघायचं?

घेतला लॅपटॉप, दाबलं डिलीट. गेलं! पण मनात किडा. काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुळे म्हणून कॉम्प्युटरवाला आहे, लातूरकडचा, केस पिकलेला. त्याला विचारलं.

"काका, डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढली. भाडेकरू आतच आहे ओ," मुळे म्हणाला. "बघा दाखवतो."

पाच मिनिटं काहीतरी खुडबुड केली, आणि सबंध दुकानात माझा आवाज घुमला, "दत्तोबा गेले हो!"

मोबाइल दुरुस्तीला आलेल्या एका बाईंनी चपला काढल्या. एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कधी झालं?"

"वर्ष झालं."

"अजून एवढं दुःख!" ते म्हणाले, आणि मला चहा पाजला. आता खरं सांगून चहा कशाला घालवायचा?

मुळेनं ते पुन्हा उडवलं आणि युक्ती सांगितली, "वरून दुसरं काहीतरी ठासून भरा." झालं! एक नवा पेनड्राइव्ह आणला, जुन्यासारखाच काळा. फोटो सगळे नव्यात हलवले. आणि जुना भरायचा म्हणून फोन टेकवून ठेवला छताकडं तोंड करून आणि घरातला पंखा चित्रित केला. तासन् तास! पेनड्राइव्हमध्ये सुई शिरायला जागा ठेवली नाही. ऐटीत मुळेकडं गेलो.

मुळे डोकं खाजवत म्हणाला, "नव्वद टक्के गेलं असंल, काका. पण शब्द देत नाही."

"का रे बाबा?"

"जुन्या हार्डडिस्कला सांगितलं इथं लिही, तर ती इथंच लिहायची. ह्यातली चिप स्वतःच्या मनानं चालती. एकाच जागी झीज नको म्हणून रोज नवी जागा धरती. शिवाय थोडी जागा राखून ठेवती, ती तुम्हालाच काय, मला पण दिसत नाही. तिथं एखादा तुकडा राहिला, तर राहिला."

मला चटकन समजलं. म्हणजे आमचा सुपरवायझर! रोज माणसाचं मशीन बदलायचा आणि दोन माणसं कुठंतरी लपवून ठेवायचा.

"मग खात्रीचा उपाय?"

"चिपचा चुरा."

असं बोल की! हे तर माझं शिक्षण. कंपनीत रिजेक्ट झालेला पार्ट चुकून गाडीत जाऊ नये म्हणून त्याला आधी लाल रंग फासायचा, मग हातोडा घालायचा. नियम म्हणजे नियम. घरी आलो, सुनेचं लाल नेलपेंट जुन्या पेनड्राइव्हला फासलं, दोन्ही टेबलावर ठेवले आणि शेजाऱ्याकडं गेलेला हातोडा आणायला गेलो. परत आलो, लाल दिसला तो उचलला, गच्चीवर नेला आणि असा ठेचला, असा ठेचला, की त्याची पूड फुंकर मारून उडवली. दुसरा खिशात घालून वर्षश्राद्धाला हजर!

जेवणं झाली. पंधरा-वीस माणसं टीव्हीपुढं बसली. वहिनी पदर सावरून सगळ्यांत पुढं. मी पेनड्राइव्ह लावला.

पंखा.

आमच्या घरचा पंखा. एका पात्याला कोळिष्टक. गरगर, गरगर.

मला वाटलं, आपलाच डोळा फिरला. दत्तूच्या म्हाताऱ्या मामांनी हात जोडले. "काय कल्पना काढलीय! जन्म-मरणाचं चक्र!"

"व्हय, पण किती येळ फिरवायचं?" मागून कुणीतरी.

वहिनी पाच मिनिटं एकटक पंख्याकडं बघत राहिल्या. मग मान वळवून हळूच विचारलं, "भावजी, हे कधी येणार?"

मी बायकोला ओढत जिन्यात नेलं. "टेबलावरच्या पेनड्राइव्हला हात लावलास?"

"लावला. त्या जुन्याला, भावजींचे फोटो आहेत त्याला, कुणीतरी नेलपेंट फासलं होतं. मेलेल्या माणसाची तरी थट्टा सोडा! घासून स्वच्छ केला."

"आणि नवा?"

"नव्याला कुंकू लावलं. नवी वस्तू घरात आली की लावते ना मी? मिक्सरला नाही लावलं?"

झालं! जे जायला हवं त्याची खात्री देता येत नव्हती, आणि जे राहायला हवं ते मी शंभर टक्के खात्रीनं गच्चीवरून उडवलं होतं. दत्तूचं लुगडं, मिशी, चटणी, सगळं. वहिनींना मुळेपासून हातोड्यापर्यंत सगळं सांगितलं, शोकसभा तेवढी गाळली, तर त्या एवढंच म्हणाल्या, "तो पंख्याचा इथंच राहू द्या."

मला वाटलं, विषय संपला. वहिनी तो घेऊन स्वतः मुळेकडं गेल्या. मुळेनं तो पुण्यात कुठंतरी पाठवला. तिथं म्हणे चिप सोलून काढून वाचतात. दीड महिन्यानं मला चहाला बोलावणं आलं.

"फोटो एकही नाही मिळाला, भावजी," वहिनी म्हणाल्या. "एवढा एक तुकडा निघाला."

त्यांनी टीव्ही लावला. अकरा सेकंद. चित्र फाटलेलं, अर्धा पडदा हिरवा. हारातल्या फोटोचा एक कोपरा, आणि मधोमध मी. टॉवेलात तोंड खुपसून, खांदे हलवत, धाय मोकलून रडतोय. लोणच्याचा भाग नेमका नव्हता.

"वहिनी, ती गंमत होती हो! तेव्हा तो जिवंत होता, समारंभासाठी मी आपला..."

त्यांनी तुकडा पुन्हा लावला. पुन्हा मी रडलो. मग रिमोट खाली ठेवून म्हणाल्या,

"हे जिवंत होते तेव्हा एवढं रडलात, भावजी? खरोखर गेले त्या दिवशी तर तुम्ही स्मशानात सगळ्यांना हसवत होता."