सेंट पिएरची राहून गेलेली गोष्ट

अकोल्याला जठारपेठेत मावशीकडे शेवटचा गेलो, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. आजार कुठवर गेलाय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं; फक्त तिला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मी अमरावतीच्या कॉलेजात शिकवतो, बोलण्यात पटाईत. "काही होत नाही तुले, दिवाळीले अमरावतीले ये," मी ठोकून दिलं. त्यावर तिने सेंट पिएरचा विषय काढला... मावशी शाळेत भूगोल शिकवायची. कॅरिबियन बेटांवरची सगळी संकटं तिला पाठ. पोर्ट रॉयल समुद्रात गेलं ते, हैतीचा भूकंप तो. पण जीव अडकलेला मार्टिनिक बेटावरच्या या एका गावात. १९०२ साली तिथला डोंगर धुमसत होता, गल्ल्यांत राख पडत होती, निवडणूक तोंडावर होती आणि मोठे लोक धीर देत होते. मग एका सकाळी डोंगर फुटला आणि गाव जळून गेलं. "माह्या पुण्यानुमोदनाले माहे गुण नोको गाऊ. हे सांग," मावशी म्हणाली.

"लोक हासतीन ना!"

"हासू दे. सांगशीन ना?" मरणाची थट्टा करायची तिला सवयच होती. मी हो म्हणून मोकळा झालो.

मावशी गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आम्हा बौद्धांकडच्या शोकसभेला, हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, मला बोलायला उभं केलं. समोर सगळा समाज, नातेवाईक... आणि मला त्या बेटाची चक्क लाज वाटली. दुखवट्यात हा कुठला परदेशी डोंगर काढायचा? आदर्श शिक्षिका, कुटुंबाचा आधारवड, अशी गुळगुळीत वाक्यं फेकून मी खाली बसलो. आज त्यातलं एकेक वाक्य आठवलं की कान तापतात.

मग मावसाजी उठले. बँकेतून निवृत्त झालेला, चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माणूस. "तिनं सांगतलेलं राह्यलं," ते म्हणाले, आणि अडखळत का होईना, त्या गावाची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. "साहेब लोक म्हणे, घाबरू नोका. लोकायनं आयकलं." कोणी हसलं नाही. मग शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "मंग... ताईले आपल्या दुखण्याचं समदं माहीत होतं का?"

"पयल्यापासून," मावसाजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "तुमी सारे येऊन धीर देत होते. तुमाले वाईट वाटू नोये म्हणून हो म्हणे बिचारी."